'कट्' आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला? कायरोप्रॅक्टिकच्या टेबलावर झोपण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्राम उघडून दोन-चार रील्स पुढे सरकवलीत की हे दृश्य येतंच. टेबलावर झोपलेला माणूस, त्याच्या हनुवटीखाली एक हात आणि डोक्यामागे दुसरा हात ठेवून उभा असलेला 'डॉक्टर', आणि आवाज नीट यावा म्हणून मानेजवळ लावलेला छोटा माईक. "रिलॅक्स... रिलॅक्स..." आणि कडाड्! पेशंट आधी दचकतो, मग हसतो, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. खाली कमेंट्सचा पाऊस. "भावा पत्ता दे." "माझी पण गादी सरकलीय, फी किती?" "एका झटक्यात दहा वर्षांचं दुखणं गेलं!"

पत्ता आणि फी सोडून बाकी सगळं इथे सांगतो. आत गेल्यावर काय होतं, तो आवाज कशाचा असतो, त्याने खरंच बरं वाटतं का, वाटलं तर किती दिवस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मानेला हात लावू द्यायचा का. वेळ नसेल तर बाकीचं सोडा, पण मानेचा भाग वाचा.

आत गेल्यावर काय होतं?

रीलमध्ये दिसतो तो सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा असतो. नीट काम करणाऱ्या माणसाकडे गेलात तर पहिल्या भेटीतला बराचसा वेळ बोलण्यात आणि तपासण्यातच जातो. दुखणं कधीपासून आहे, कुठून कुठे जातं, रात्री झोपेतून उठवतं का, पायात मुंग्या येतात का, आधी पडलात-आपटलात का, कोणती औषधं चालू आहेत. मग उभं करून वाकायला लावतील. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलून बघतील. असा पाय उचलताना कळ मांडीमागून खाली पोटरीपर्यंत गेली तर नस दबल्याची शंका येते. गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकतील, पायाच्या अंगठ्याची ताकद बघतील.

हे काहीच न करता कोणी थेट "झोपा" म्हणालं, तर तिथूनच चप्पल घालून परत फिरायला हरकत नाही.

तपासून झाल्यावर टेबल. पालथं झोपताना तोंडासाठी भोक असलेलं, आणि काही ठिकाणी भाग अचानक थोडासा खाली पडणारं. दणका आपल्याला बसला असं वाटतं, पण आवाज टेबलाचा असतो. कंबरेसाठी बहुतेक वेळा कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा मागे आणि कंबर पुढे असा पीळ देतात आणि सांधा जिथवर सहज वळतो त्या टोकाला नेऊन थांबतात. मग एक छोटा, अत्यंत वेगवान धक्का. तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात होऊन जातो. यात ताकदीपेक्षा वेग जास्त असतो. हात फार लांब सरकत नाहीत, पण स्नायूंना आवळून धरायलाही वेळ मिळत नाही. यालाच 'अॅडजस्टमेंट' म्हणतात. फिजिओथेरपीत याच प्रकाराला 'मॅनिप्युलेशन' म्हणतात आणि मॅन्युअल थेरपी शिकलेले बरेच फिजिओ ते करतात.

धक्क्याच्या वेळी दुखतं का? बहुतेकांना दुखत नाही, दडपण मात्र येतं. दुखलंच तर ते दुसऱ्या दिवशी. खूप दिवसांनी जिममध्ये गेल्यावर अंग दुखतं तसं. २०१७ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात नोंद आहे की निम्म्याहून जास्त लोकांना नंतर थोडं दुखणं, अंग आखडणं किंवा डोकं दुखणं असा त्रास झाला, पण तो तात्पुरता होता. साधारण एक-दोन दिवसांत हे ओसरतं. तिसऱ्या दिवशीही वाढत असेल किंवा पायात नवीन मुंग्या येत असतील, तर "शरीर अॅडजस्ट होतंय" या उत्तरावर समाधान मानू नका.

एक्स-रे? पहिल्याच भेटीत सगळ्यांचा एक्स-रे काढून "बघा, तुमचा मणका किती वाकडाय" म्हणणारे खूप. गंमत अशी की अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने, म्हणजे त्यांच्याच संघटनेने, २०१७ साली सांगितलं की नवीन सुरू झालेल्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत पाठीचं इमेजिंग करू नये. आणि मणके थोडेफार वाकडे, झिजलेले दिसणं म्हणजे आजार नव्हे. चाळिशीनंतर ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्या एक्स-रेमध्येही झीज सर्रास दिसते.

मग तो आवाज कशाचा?

हाडावर हाड बसल्याचा नाही. मणका 'जागेवर गेल्या'चाही नाही.

तुम्ही बोटं मोडता तेव्हा जे होतं तेच पाठीत होतं. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांध्याच्या दोन बाजू झटकन दूर झाल्या की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज पोकळी तयार होताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. १९७१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी बुडबुडा फुटल्याने आवाज येतो असं मांडलं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या टीमने चालू एमआरआयमध्ये बोटं मोडायला लावली. आवाज आला तेव्हा पोकळी तयार होताना दिसली आणि आवाजानंतरही ती तिथेच होती. २०१८ साली गणिती मॉडेल घेऊन आलेल्यांनी म्हटलं, अर्धवट फुटते.

पण एका गोष्टीवर एकमत आहे. एकदा आवाज आला की तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. वायू परत विरघळायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे आवाज नाही आला म्हणून 'अॅडजस्टमेंट फसली' असं नाही, आणि जोरात आला म्हणून जास्त चांगली झाली असंही नाही. रीलवाल्यांसाठी हे अडचणीचं आहे, कारण आवाज नसेल तर त्यांच्या व्हिडिओत दाखवण्यासारखं काही उरत नाही.

याहून मजेशीर गोष्ट २००४ सालच्या 'स्पाईन' नियतकालिकातल्या अभ्यासात सापडली. अनुभवी कायरोप्रॅक्टरना विशिष्ट मणक्यावर धक्का द्यायला सांगितला आणि आवाज नेमका कुठून येतो ते यंत्रांनी मोजलं. ठरवलेल्या सांध्यातून आवाज आला तो जेमतेम निम्म्या वेळा. बाकीच्या वेळी शेजारचेच वाजले. बहुतेकदा तर एका धक्क्यात एकाहून जास्त सांधे वाजले. "तुमचा चौथा मणका सरकला होता, बसवला" हे वाक्य ऐकाल तेव्हा हे आठवा.

(आणि हो, बोटं मोडल्याने संधिवात होत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने काही दशकं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हात सारखेच निघाले. त्याला २००९ साली इग नोबेल मिळालं. आईला हे दाखवून काही उपयोग होणार नाही, ती ओरडायची ती ओरडणारच.)

'मणका सरकला' ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डी. डी. पामर नावाचा माणूस चुंबकीय शक्तीने उपचार करायचा. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड या गृहस्थांच्या पाठीतला एक वर आलेला मणका दाबला आणि त्यांना ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. कानाची नस पाठीच्या कण्यातून जात नाही, ती कानातून थेट मेंदूकडे जाते. पण त्या एका घटनेवर पामरने अख्खं शास्त्र उभं केलं. शंभरातले ९५ आजार मणके सरकल्याने होतात, असं तो म्हणायचा. या सरकण्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटलं. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला.

पुढची शंभर वर्षं डॉक्टर विरुद्ध कायरोप्रॅक्टर अशी मारामारीच आहे. त्यात दोन्ही बाजूंचे हात काळे झालेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर घातलेला बहिष्कार बेकायदेशीर होता, असं तिथल्या न्यायालयाने १९८७ साली ठरवलं. उलट बाजूला, २००८ साली ब्रिटनमधले विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी लहान मुलांच्या पोटदुखीपासून दम्यापर्यंत कायरोप्रॅक्टिकने बरं होतं या दाव्यांवर लेख लिहिला, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांना बदनामीच्या खटल्यात ओढलं. दोन वर्षं लढल्यावर २०१० साली असोसिएशनने खटला मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने, म्हणजे या व्यवसायाच्या सरकारमान्य नियामकाने, सबलक्सेशनमुळे आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही, ती एक ऐतिहासिक कल्पना आहे, असं लेखी जाहीर केलं.

तरी पॅम्फ्लेटवर आजही 'सबलक्सेशन' आहेच. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्यातसुद्धा कायरोप्रॅक्टरचा उपचार मिळतो तो 'सबलक्सेशन दुरुस्त करण्यासाठी' या नावाखालीच. न्यू जर्सीतला मावसभाऊ "अरे इकडे तर इन्शुरन्समध्ये बसतं" म्हणतो ते खरं आहे. पण विम्यात बसतं म्हणून त्यामागची सगळी थिअरी सिद्ध झाली असा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं म्हणा. कंबरेत उसण भरली की गावात पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. काहींना खरंच बरं वाटायचं. कारण उसण भरली की दोन-चार दिवसांत ती आपोआपच उतरायला लागते, पाय कुणाचाही लागो.

बरं वाटतं का, तेवढं सांगा

वाटतं. पण थोडं, आणि कंबरेच्या दुखण्यात.

वर सांगितलेला 'जामा'चा आढावा नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीचा होता. शंभर गुणांच्या दुखण्याच्या मोजपट्टीवर साधारण दहा गुणांचा फरक पडला, तोही पहिल्या सहा आठवड्यांच्या आतला. जुन्या, महिनोन्महिने चाललेल्या कंबरदुखीबद्दल २०१९ साली 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आढावा आला. निष्कर्ष असा की मॅनिप्युलेशनचा फायदा व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असतो. त्यांच्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही.

हे निराशाजनक वाटेल, पण कंबरदुखीच्या जगात 'व्यायामाइतकं' ही बऱ्यापैकी पदवी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, हा त्यांचाच आकडा. त्या तत्त्वांमध्ये समजावून सांगणं, व्यायाम, मसाज, मानसिक उपचार, ठरावीक वेदनाशामकं यांच्या यादीत मणक्यांचं मॅनिप्युलेशनही आहे. आणि काय नको, तेही आहे. कंबरेचा पट्टा नको, वजन लावून ताणणं म्हणजे ट्रॅक्शन नको, अफूवर्गीय वेदनाशामकं नकोत. आपल्याकडे प्रत्येक घरात कपाटावर एक कमरपट्टा सापडतो, त्यामुळे हे वाचून मला जरा हसू आलं.

म्हणजे हिशेब असा. कंबर दुखतेय, धोक्याची लक्षणं नाहीत, शिकलेला माणूस हाताशी आहे, तर काही सेशन्स करून बघण्यात गैर काही नाही. पाठ मोकळी झाल्यासारखी वाटते, त्या काळात चालणं आणि व्यायाम सुरू करता येतो. पण दमा, पीसीओडी, बीपी, मुलांची उंची, लहान बाळाची पोटदुखी यांसाठी कोणी मणके वाजवायला सांगत असेल तर ते १८९५ सालात राहताहेत.

सेशन्स किती? इथे खिशाचा प्रश्न येतो. "बत्तीस सेशन्सचं पॅकेज, आज पैसे भरले तर डिस्काउंट" असं सांगणारे भेटतात. २०१४ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना एकही नाही, काहींना ६, काहींना १२, तर काहींना १८ वेळा मॅनिप्युलेशन दिलं. सगळ्यात बरा परिणाम १२ ला दिसला. १८ ला जास्तीचं काही मिळालं नाही. आणि मुळात गटागटांतला फरकही छोटाच होता. त्यामुळे आधी दोन-तीन आठवडे बघा. काहीच फरक नसेल तर पुढची पंधरा सेशन्स चमत्कार करणार नाहीत. 'दर महिन्याला मेंटेनन्स' गाडीला लागतं, दुखणं नसलेल्या पाठीला लागतं असा पुरावा नाही.

आता मान

इथे हिशेब बदलतो.

मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना छोटी छिद्रं असतात आणि त्यांच्यातून दोन रक्तवाहिन्या वर मेंदूकडे जातात. अगदी वरच्या मणक्यापाशी त्या वळण घेऊन कवटीत शिरतात. तोल, गिळणं, बोलणं, दिसणं सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवतात त्या याच. मान झटक्यात वळली, ताणली गेली, तर क्वचित या वाहिनीचं आतलं अस्तर फाटतं. फाटलेल्या जागी गुठळी होते, ती वर सरकते, आणि स्ट्रोक.

क्वचित हा शब्द मुद्दाम वापरलाय. असं रोज होत नाही. पण होतं. अमेरिकन मॉडेल केटी मे हिचा फेब्रुवारी २०१६ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी स्ट्रोकने मृत्यू झाला. कायरोप्रॅक्टरने मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनी फाटली, असा निष्कर्ष लॉस एंजेलिसच्या कॉरोनरने काढला. ब्रिटनमध्ये यॉर्क इथे २०१७ साली ८० वर्षांचे एक गृहस्थ पाय दुखतो म्हणून कायरोप्रॅक्टरकडे गेले, टेबलावरच मान मोडली आणि दुसऱ्या दिवशी गेले. भारतातली उदाहरणं तर सलूनमधली आहेत. २०१७ साली दिल्ली परिसरातल्या ५४ वर्षांच्या एका माणसाने डोक्याच्या मालिशनंतर न्हाव्याकडून मान मोडून घेतली. श्वासाचा पडदा हलवणारी नस दुखावली आणि त्यांना श्वास घेणं जड झालं. २०२४ साली बंगळुरूच्या सलूनमध्ये अशीच मान वळवल्यानंतर बळ्ळारीच्या ३० वर्षांच्या तरुणाला स्ट्रोक आला. म्हणजे तीनशे रुपयांची 'चंपी प्लस मान' ऑफर घेणाऱ्यांनीही हा भाग वाचावा.

आता दुसरी बाजू, कारण ती नाही सांगितली तर लेख अर्धवट. २००८ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की अशा स्ट्रोकच्या आधीच्या दिवसांत लोक कायरोप्रॅक्टरकडे गेले होते, तसेच साध्या फॅमिली डॉक्टरकडेही गेले होते. याचा अर्थ काही जणांची रक्तवाहिनी आधीच फाटलेली होती, त्यामुळे मान आणि डोकं दुखत होतं, आणि म्हणूनच ते उपचाराला गेले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटलं की झटका आणि रक्तवाहिनी फाटणं यांचा संबंध दिसतो, झटक्यामुळेच फाटते हे सिद्ध झालेलं नाही, तरी पेशंटला हा धोका आधी सांगायलाच हवा.

कायरोप्रॅक्टर मंडळी या कॅनडाच्या अभ्यासाचा दाखला 'आम्ही निर्दोष' म्हणून देतात. माझ्या मते तो उलट जास्त काळजीत टाकणारा आहे. साधी मान आखडली म्हणून आलेल्या माणसांमध्ये क्वचित एखादा आधीच फाटलेली रक्तवाहिनी घेऊन आलेला असू शकतो, आणि बाहेरून तो बाकीच्यांसारखाच दिसतो. त्याच्या मानेला झटका द्यायचा?

तेही जेव्हा झटक्याची गरजच नसते. २०१० साली ऑस्ट्रेलियात नव्या मानदुखीच्या १८२ रुग्णांवर तुलना झाली. अर्ध्यांना झटक्याचं मॅनिप्युलेशन, अर्ध्यांना हलक्या हाताने सांधा पुढेमागे हलवण्याचं मोबिलायझेशन. बरं व्हायला दोघांनाही सारखाच वेळ लागला. त्यामुळे टेबलावर झोपण्याआधी "मानेला झटका नको, हलक्या हाताने करा" एवढं स्पष्ट सांगायचं. संमती तुमची आहे. मानेला पट्टा बांधून डोकं खसकन ओढतात तो 'वाय-स्ट्रॅप'सुद्धा त्यातच आला.

आधी कधीच झालं नाही असं तीव्र डोकं किंवा मान अचानक दुखायला लागली असेल, तर आधी एमबीबीएस डॉक्टर. आणि मानेला हात लागल्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, तोल जाणं, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू बधिर होणं यातलं काहीही झालं तर "थोडा वेळ पडून राहा" ऐकू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

कुणी टेबलाच्या जवळही जाऊ नये?

ज्यांची लघवी-संडासवरची पकड सुटलीय, बसायची जागा बधिर झालीय किंवा पाय लुळा पडत चाललाय, त्यांनी थेट हॉस्पिटल गाठावं. ही ऑपरेशनची घाई असू शकते. हाडं ठिसूळ झालेल्या, स्टिरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्या, कॅन्सर होऊन गेलेल्या, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या लोकांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

परदेशी वेबसाइट्सवर सहसा ठळकपणे न सापडणारी एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे, मणक्याचा टीबी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. तो मणक्यात बसतो तेव्हा खोकला नसतो, थुंकी नसते, असते ती फक्त हळूहळू वाढणारी पाठदुखी. त्याच्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, कमी होणारं वजन, रात्रीचा घाम. टीबीने आतून पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो कोसळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. गोळ्यांनी बरा होणारा आजार अशा वेळी माणसाला व्हीलचेअरवर नेऊ शकतो.

दुसरा प्रकार तरुणांचा. सकाळी उठल्यावर अर्धा तास-तासभर पाठ लाकडासारखी, हालचाल केली की मोकळी, आराम केला की परत आखडते. हे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतं. यात मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात आणि ठिसूळ होतात. 'आखडलंय, मोकळं करून देतो' म्हणणाऱ्या हातांसाठी याच्यासारखी फसवी पाठ नाही. याला संधिवाताचा डॉक्टर लागतो.

काही बिघडलं तर जबाबदार कोण?

ऑस्ट्रेलियात २०१९ साली दोन आठवड्यांच्या बाळाला उलटं धरून उपचार करणाऱ्या मेलबर्नच्या कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ व्हायरल झाला. लोक संतापले. तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना धक्के देण्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बोर्डाने ती गुपचूप उठवली, बातमी फुटली, आरोग्यमंत्री भडकले आणि जून २०२४ मध्ये बंदी परत आली. सांगायचा मुद्दा बाळाचा जितका, तितकाच बोर्डाचाही आहे. जाब विचारायला तिथे कुणीतरी होतं.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी असं वेगळं बोर्ड नाही. २०२१ साली केंद्राने आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्यातल्या १० गटांमध्ये फिजिओथेरपीचा स्वतंत्र गट आहे, कायरोप्रॅक्टिकचा नाही. महाराष्ट्रात फिजिओंची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे, तिथे नोंदणी क्रमांक असतो, तक्रार करता येते. 'कायरोप्रॅक्टर' ही पाटी मात्र परदेशात शिकून आलेलाही लावतो, फिजिओथेरपीनंतर चार दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो, आणि यूट्यूबवर शिकलेलाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या निकषांनुसार पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षं, किमान ४,२०० तास, त्यातले १,००० तास देखरेखीखाली पेशंट तपासण्याचे.

नावामागच्या 'डॉ.'वरूनही काही कळणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागे घेतलं. तो वाद चालू राहील. तुम्ही फोनवर अपॉइंटमेंट घेताना एवढं विचारा: पदवी कोणती, कुठल्या कॉलेजची, नोंदणी कुठल्या परिषदेत आणि क्रमांक काय. फॉलोअर्स किती ते सांगायला लागले तर फोन ठेवा.

आणि बिल मागा. पैसे देऊन घेतलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच डॉक्टरांच्या बाबतीत स्पष्ट केलं होतं. काही बिघडलं तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे तारीख, नाव आणि रक्कम लिहिलेला कागद लागतो. 'फक्त कॅश, बिल नाही' असं सांगणाऱ्याकडे गेलात तर तो कागद तुमच्याकडे नसेल. तुमची रील मात्र त्याच्या पेजवर असेल. ती काढण्यासाठी कॅमेरा लावण्याआधीही त्याने तुम्हाला विचारायला हवं, आणि तुम्हाला नाही म्हणता येतं.